वाळल्यावर दिसतं ते

बसणं

अर्धा तास कुणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडा. दुपारची आवराआवर झाल्यानंतरची असेल, रात्री सगळे झोपल्यावरची असेल. जमिनीवर सतरंजी टाकून बसा. गुडघे त्रास देत असतील तर खुर्ची घ्या. समोर एक कोरा कागद ठेवा. महागाचा नको. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून चालेल, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चालेल. त्यावर आज काही काढलंच पाहिजे असं नाही. आधी नुसतं त्याच्यासमोर बसायचं आहे.

श्वास कुठवर जातोय ते पाहा. त्याला लांबवू नका, सुधारू नका. गळ्याशीच वळतोय का? छातीत अडतोय का? पोटापर्यंत उतरतोय का? जिथवर जातो तिथवर जाऊ द्या. आज आपण कुणालाच सुधारायला बसलेलो नाही, स्वतःलाही नाही.

हे मनन दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. एक, जी स्वतः विशी-पंचविशीत आहेत आणि ज्यांच्या आत बरंच काही साचलं आहे. दुसरी, ज्यांच्या घरात असं कुणी आहे. दोघं मिळून बसलात तर फारच चांगलं. एकट्याने बसलात तरी शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा. ती जागा शेवटी लागणार आहे.

आता एक वाक्य मनात आणा. अगदी रोजचं.

"काही नाही."

आपल्या घरांत हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, आठवून पाहा. काय झालं गं? काही नाही. जेवला नाहीस नीट? काही नाही, भूक नव्हती. डोळे का लाल? काही नाही, जागरण झालं. आपल्याला वाटतं, पोरं लपवतात. पण थोडा वेळ या वाक्यापाशी थांबलं की वेगळंच जाणवतं. त्या वयात मनावर जे असतं त्याला पुष्कळदा नावच नसतं. परीक्षेची भीती म्हणावी तर तेवढीच नसते, पैशांची काळजी म्हणावी तर तेवढीच नसते, कुणाची आठवण म्हणावी तर तीही पुरी पडत नाही. ज्याला नाव नाही त्याला "काही" तरी कसं म्हणायचं? म्हणून "काही नाही." ते खोटं नसतं. शब्द सापडला नाही याची ती कबुली असते.

हे वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणा. म्हणताना जबड्याचं काय होतं? खांद्यांचं काय होतं? फक्त पाहा. थोडं थांबा.

एक मुलगी, एक पुठ्ठा

माझी भाची स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यात होती. पेठेतल्या एका खोलीत चार कॉट, चौघी मुली. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला परत. रविवारी ती माझ्याकडे जेवायला यायची. मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांमुळे माझ्या टेबलावर कायम पसारा असतो: कागदांचे तुकडे, सुतळी, कोळशाच्या कांड्या, फेविकॉलचा डबा.

दर रविवारी मी तिला वाढताना विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" ती म्हणायची, "चाललाय." आज मला कळतं की तिच्यापर्यंत जाणारी वाट मीच त्या प्रश्नाने बंद करत होते. मी अभ्यासाची चौकशी करत होते. तिची करत नव्हते.

एका रविवारी जेवण झाल्यावर ती माझ्या टेबलाशी जाऊन बसली. विचारलं नाही, बोलली नाही. वह्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा ओढून घेतला आणि कोळशाने एक पाठमोरी बसलेली मुलगी काढली. चित्रकलेचं शिक्षण नाही, त्यामुळे प्रमाण चुकलं होतं. पाठ फार मोठी आणि डोकं लहान. पण त्या पाठीकडे पाहून माझ्या हातातला कप तसाच राहिला. मग तिने पिशवीतून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कार्बनप्रती काढल्या. ते बारीक गोल, काही भरलेले, बरेच रिकामे. त्यांच्या पट्ट्या फाडून तिने त्या पाठीवर आडव्या चिकटवल्या, एकावर एक, बरगड्यांसारख्या. मानेभोवती सुतळी गुंडाळली, घट्ट. पोटाच्या जागी ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी फॉइल चुरगळून लावली. ती पाकिटं इतकी होती की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी तिने त्या मुलीच्या मानेवर, सुतळीच्या खाली, बॉलपेनने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. आणि लगेच त्यावर फेविकॉलचा जाड हात दिला. पांढराशुभ्र. ओळ दिसेनाशी झाली.

मग इतक्या वेळात पहिल्यांदा ती बोलली. "मावशी, हे वाळल्यावर दिसेल का गं?"

मी म्हटलं, "दिसेल. फेविकॉल ओला असतो तोवर पांढरा. वाळला की आरपार दिसतं."

ती थोडा वेळ पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मग असू दे."

या "असू दे"पाशी मी आज तुम्हाला घेऊन आले आहे. तिला लपवायचंही होतं आणि दिसावं असंही वाटत होतं, आणि तिच्या हाताने दोन्हीला एकाच वेळी जागा मिळेल अशी वस्तू शोधून काढली होती. तोंडाला हे जमत नाही. तोंडाला एक तर सांगावं लागतं, नाही तर गप्प बसावं लागतं.

बाह्यरेषा

आता डोळे मिटा. मनाने आडवे व्हा, एका मोठ्या कागदावर. तुमच्या विश्वासातलं कुणीतरी हातात कोळसा घेऊन तुमच्या शरीराच्या कडेने रेघ ओढत आहे. डोक्याभोवतून, कानाजवळून, मानेच्या खोबणीतून. खांदा. दंड. बोटांच्या मधून. कमरेपासून पायांपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूने वर. रेघ पूर्ण झाली. उठा आणि खाली पाहा. हा आकार तुमचा आहे, आणि तो रिकामा आहे. अजून त्यात काही भरलेलं नाही.

ही काही माझ्या मनातली कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत २००२ साली एचआयव्हीसोबत जगणाऱ्या काही स्त्रियांनी अशीच चित्रं केली. जेन सोलोमन ही चित्रकर्ती त्यांच्यासोबत होती. माणसाच्या उंचीचा कागद, त्यावर स्वतःची बाह्यरेषा, आणि तिच्या आत रंगांनी, खुणांनी, शब्दांनी आपल्या शरीराची हकिगत. त्या आजाराबद्दल मोठ्याने बोलणंही अवघड होतं असा तो काळ. बोलून सांगता न येणाऱ्या गोष्टी त्या रेषेच्या आत आल्या. या पद्धतीत आणखी एक रेषा असते, पण ती मी शेवटासाठी राखून ठेवते.

तुमच्या समोरच्या कागदावर आता एक साधी आकृती काढा, किंवा काढली आहे असं मनात धरा. उभी, बसलेली, पाय पोटाशी घेऊन झोपलेली, कशीही. चांगली येण्याची गरज नाही. शाळेत कुणी तुमच्या चित्राला हसलं असेल तर ते हसणं आता आठवेल. आठवू द्या. ते जाईपर्यंत थांबा, मग रेघ ओढा.

जागा

आता विचारा: कुठे आहे?

काय आहे, का आहे, कुणामुळे आहे, हे आज विचारायचं नाही. फक्त कुठे.

कपाळापासून सावकाश खाली या. भुवयांच्या मधे काही आहे? दातांवर दात रुतलेत का? जीभ टाळूला चिकटली आहे का? मानेच्या मागे, जिथे केस संपतात तिथे? दोन्ही खांदे कानांच्या दिशेने चढलेत का? बेंबीच्या वर, जिथे परीक्षेच्या सकाळी कालवाकालव होते, तिथे? तळहात गार आहेत का? जिथे लक्ष थबकेल तिथे हात ठेवा. काही करू नका. हाताची ऊब तिथे पोचू द्या.

फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७०१ जणांना त्यांनी शरीराची कोरी आकृती दिली आणि वेगवेगळ्या भावना जागवून विचारलं की शरीरात कुठे काही वाढल्यासारखं वाटतं आणि कुठे मंदावल्यासारखं, तिथे रंग भरा. युरोपातल्या आणि तैवानमधल्या लोकांनी भरलेले नकाशे एकमेकांशी बरेच जुळले. दुःखात हातपाय मंदावलेले, भीतीत छाती भरलेली. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं. पोटात गोळा येतो, छातीवर दडपण येतं, गळा दाटून येतो, हातपाय गळतात, डोकं जड होतं. मराठीने प्रत्येक भावनेला शरीरात एक घर दिलं आहे. आपण ते शब्द इतक्या सवयीने वापरतो की त्या घरांमध्ये कुणी राहतं हेच विसरतो.

इथे मला सुधीर पटवर्धन आठवतात. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि त्याच वर्षांत चित्रंही काढत होते. लोकलमधली, रस्त्यावरची, पुलावरची, कामावरून परतणारी माणसं. दिवसभर ज्याच्या हाताखालून माणसांच्या हाडांच्या फिल्मा जातात, त्याला पुन्हा माणसाच्या शरीराचंच चित्र काढावंसं का वाटावं? मला वाटतं, फिल्मवर मणक्याची झीज दिसते, त्या मणक्याने काय वाहिलं ते दिसत नाही. ते खांद्याच्या उतारात दिसतं, उभं राहण्याच्या पद्धतीत दिसतं. ते पाहायला यंत्र नाही, निवांत नजर लागते.

तुमच्या कागदावरच्या आकृतीत ती जागा दाखवा. एक ठिपका पुरे.

साहित्य

आता त्या जागेला विचारा: तू कशाची बनली आहेस?

घाईने उत्तर देऊ नका. दगडाची, असं पहिल्यांदा मनात येईल, कारण तसं म्हणायची सवय आहे. थोडं थांबलात की खरं उत्तर येतं. वाळलेल्या चिखलाची. गुंतलेल्या लोकरीची. ओल्या टॉवेलची. उघड्या वायरीची. एका मुलाने मला सांगितलं होतं, "छातीत बर्फाच्या गोळ्यासारखं आहे, पण त्यावर सरबत घालायचं राहून गेलंय." बोलताना तो हसला, आणि त्या हसण्याखाली त्याला कधीचं रडायचं होतं.

मिश्र माध्यम म्हणजे काय, तर एकाच चित्रात कागद, कापड, दोरा, रंग, कोळसा, धातू, छापील मजकूर, जे हाताला येईल ते, एकत्र नांदवणं. तरुण मनाच्या चित्राला ते इतकं मानवतं, कारण ते मनही असंच जोडाजोडीचं असतं. आईने सांगितलेलं त्यात असतं, मोबाइलवर पाहिलेलं असतं, वडिलांनी न बोलता दाखवलेलं असतं, मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका असते, नाकारल्याची ईमेल असते. एका रंगाच्या पातळ थरात हे सगळं बसत नाही. शिवाय जगलेल्या वस्तूंना स्वतःचं बोलणं असतं. एसटीचं तिकीट चिकटवलं की प्रवास काढावा लागत नाही. गोळ्यांची फॉइल लावली की पोटदुखी समजावून सांगावी लागत नाही.

ज्या चित्राला सारं जग भीतीचं चित्र म्हणून ओळखतं ते असंच मिश्र माध्यमातलं आहे. एडवर्ड मुंकने 'किंकाळी' १८९३ साली रंगवली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. तैलरंग, टेंपेरा आणि खडू, आणि खाली साधा पुठ्ठा. त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला आधीचा एक सोडून दिलेला प्रयत्न आहे. पहिल्यांदा जमलं नाही, तेव्हा त्याने पुठ्ठा उलटा केला आणि पुन्हा सुरुवात केली. तुम्ही कॅलेंडरचं पान उलटं करून बसला असाल तर चांगल्या संगतीत बसला आहात.

त्या चित्राकडे मनाने पाहा. लाल लाटांचं आकाश, तिरका कठडा, आणि पुढे ती आकृती, कवटीसारख्या चेहऱ्याची, दोन्ही हात कानांवर. बहुतेकांना वाटतं की ती आकृती किंचाळते आहे. पण मुंकने त्या संध्याकाळबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यानुसार किंकाळी निसर्गातून आरपार जात होती आणि ती त्याला ऐकू आली होती. मग कानांवर हात का, ते कळतं. ते माणूस बाहेरचा आवाज सहन होत नाही म्हणून कान झाकून उभं आहे.

यापाशी बराच वेळ थांबावं असं मला वाटतं. आपण तरुणांच्या ताणाकडे पाहतो तेव्हा तो त्यांच्या आतला दोष आहे असं धरून चालतो. मन कमकुवत आहे, सहनशक्ती नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. पण जागा मोजक्या आणि अर्ज भरणारे लाखो असतात, खोलीचं भाडं दर वर्षी वाढतं, शेजारच्याचा निकाल घरच्या ग्रुपवर येऊन पडतो. हा आवाज त्यांनी निर्माण केलेला नाही. तो त्यांना ऐकू येतो आहे, आणि त्यांचे हात कानांवर आहेत.

तुमच्या आकृतीत जे आतलं आहे ते कोळशाने भरा. जे बाहेरून आलं आहे ते बाहेरच्या वस्तूने चिकटवा. दोन्ही वेगळं ठेवून पाहा. किती बाहेरचं निघालं?

थर

आजीच्या हातची गोधडी आठवा. वरचा कपडा जरा धडका, एखादं चांगलं लुगडं. पण आत काय असतं? विटलेल्या साड्या, फाटलेली धोतरं, बाळाची झबली, ज्यांचं आता दुसरं काही होणार नाही ते सगळं. त्यावर कडेने धावदोऱ्याचे टाके घालत घालत आजी मध्यापर्यंत यायची. गोधडीची ऊब वरच्या कापडाची नसते. ती आतल्या जुन्या थरांची असते. फाटकं टाकून न देता त्याला आत जागा करून देणं, ही आपल्या घरातलीच कला आहे. मिश्र माध्यम हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून ती चालत आली आहे.

तुमच्या आकृतीवर आता एक थर द्या. पातळ कागदाचा, चहाच्या पाण्याचा, चुन्याचा, फेविकॉलचा. जे दाखवायचं नाही ते झाका. झाकायला संकोच वाटू देऊ नका. सगळं उघडं केलं तरच प्रामाणिकपणा असं कुणी सांगितलं? झाकणं हीसुद्धा काळजी घेणंच असतं. फक्त एवढं लक्षात ठेवा: खाली काय ठेवलं आहे ते तुम्हाला माहीत असू द्या.

आणि उशीर लागला तर लागू द्या. सोमनाथ होर यांचा जन्म १९२१चा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात उपाशी माणसांची चित्रं काढत हिंडले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आजच्या आपल्या मुलांच्या वयाचे. त्यानंतर त्यांनी बरंच काम केलं. पण १९७०च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांच्या हातून 'जखमा' ही मालिका झाली. आधी मऊ पृष्ठभागावर सुरीने, तापवलेल्या सळईने वार करायचे, त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. रंग नाही. रक्ताचा एखादा ठिपका सोडला तर बहुतेक ठिकाणी पांढऱ्यावर पांढरंच. नुसता फुगवटा, चीर, खड्डा. समोरून प्रकाश पडला तर कोरा कागद वाटावा. बाजूने प्रकाश आला की जखम दिसते. बाविसाव्या वर्षी पाहिलेलं पन्नाशीला असं वर आलं.

घरातल्या शांत पोराकडे आपण नेहमी समोरूनच पाहतो. गुण, पगार, लग्न. समोरच्या प्रकाशात सगळं कोरं, गुळगुळीत, "काही नाही." थोडं बाजूला होऊन बसलं, भाजी निवडताना, गाडी पुसताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, तर कडा दिसू लागतात.

पाहणं

आता काही करू नका. आकृती समोर ठेवा आणि पाहा.

चित्र तुमचं असेल तर त्याला अर्थ विचारू नका. ते बरं आहे की वाईट हेही ठरवू नका. त्याच्याकडे पाहताना श्वास कुठवर जातो, सुरुवातीपेक्षा खाली उतरतो का, एवढंच पाहा. नाही उतरला तरी चालेल.

चित्र दुसऱ्या कुणाचं असेल, घरातल्या मुलाचं, मुलीचं, तर तुमची जबाबदारी मोठी आहे. पहिलं वाक्य फार जपून उच्चारा. "हे काय काढलंस?" नको. "किती उदास आहे गं हे!" नको. "छान आहे" सुद्धा नको. मुंकच्या त्याच 'किंकाळी'च्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरांत एक वाक्य लिहिलेलं आहे. असं चित्र वेड्या माणसालाच काढता येईल, अशा अर्थाचं. बरीच वर्षं वाटत होतं की कुणा प्रेक्षकाने ते खरडलं असावं. २०२१ साली नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अक्षर ताडून पाहिलं आणि ते मुंकचंच निघालं. चित्र मायदेशात दाखवलं गेलं तेव्हा त्याच्या मनःस्वास्थ्यावर जाहीर शंका घेतली गेली होती. लोक जे बोलले ते त्याने स्वतःच्या चित्रावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. आपण सहज बोललेलं वाक्य पोरं कुठे लिहून ठेवतात, ते आपल्याला दिसतही नाही.

म्हणून काही न बोलता शेजारी बसा. फारच वाटलं तर विचारा, "ही सुतळी इथे कशी लावलीस?" कशी लावली, हे विचारता येतं. त्याचं उत्तर द्यायला सोपं असतं, आणि उत्तर देता देता कधी कधी 'का' सुद्धा आपणहून येऊन बसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चित्राने ताण संपत नाही. परीक्षा तिथेच असते, भाडं तिथेच असतं. चित्र फक्त आतलं थोडं बाहेर आणून ठेवतं, म्हणजे त्याच्याकडे दोघांना मिळून पाहता येतं. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको असं वाटत असेल, चित्रातून किंवा बोलण्यातून तसं काही जाणवलं असेल, तर कागदापाशी थांबू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या माणसासाठी तो क्रमांक फिरवून देणं हीसुद्धा शेजारी बसण्याचीच एक रीत आहे.

दुसरी रेषा

खायेलित्शातल्या त्या चित्रांतली दुसरी रेषा सांगायची राहिली होती.

तिथे प्रत्येकीच्या आकृतीमागे आणखी एक आकृती असायची. सावलीसारखी, थोडी सरकलेली. जिच्या आधारावर आपण उभ्या आहोत, त्या व्यक्तीची. पुढच्या बाईच्या अंगावर तिची दुखणी, तिची औषधं, तिच्या खुणा. मागच्या रेषेला काहीच बोलायचं नव्हतं. ती मागे होती, एवढंच तिचं काम.

'किंकाळी'तही मागे दोन माणसं आहेत, आठवतात? कठड्याच्या कडेने दूर, उंच टोप्या घातलेली. मुंकचे मित्र. ते पुढे चालत गेले. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ते थांबले नाहीत. एवढाच फरक असतो.

आता कोळसा पुन्हा हातात घ्या. तुमच्या आकृतीच्या मागे, अगदी हलक्या हाताने, दुसरी रेषा ओढा. तुम्ही तरुण असाल तर ती कुणाची आहे ते स्वतःला विचारा. आईची असेल, खोलीतल्या मैत्रिणीची असेल, मेसच्या काकूंची असेल, जिला आजवर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही अशा मावशीची असेल. लगेच नाव सुचलं नाही तर रेघ नुसती ओढून ठेवा. नाव नंतर येतं. तुम्ही मोठे असाल तर वेगळं विचारा: कुणाच्या चित्रात मागची रेषा व्हायला मी अजून जागा सोडलेली नाही?

शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली होती, ती याच्यासाठी.

भाचीचा पुठ्ठा त्या रात्री माझ्या टेबलावरच राहिला होता. सकाळी चहा ठेवायला उठले तेव्हा तो वाळला होता. मानेवरची ओळ स्वच्छ दिसत होती. काय लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही. ते तिचं आहे. मी तिला फोन केला. अभ्यासाचं विचारलं नाही. म्हटलं, "वाळलं गं. दिसतंय." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मी येऊ का आज?" तो सोमवार होता.

कागद आता आडवा ठेवून द्या. वारा लागेल, उडणार नाही अशा ठिकाणी. पंखा लावून वाळवू नका. घाईने वाळलेला कागद गोळा होतो आणि खालचं नीट दिसत नाही. दिवा मालवा. सकाळ होऊ द्या.